हाकेला हो

कात्रज, पुणे
गुरुवार, १७ जुलै २०२५

भाग्यश्रीताईंना,

कुंदाचा वाकून नमस्कार. तुम्ही, भाऊजी आणि घरातले सगळे ठीक असाल असं धरून लिहिते.

त्या सकाळी मी आधी चूल पेटवली. अंगण झाडून झालं होतं, हातपंपावरून पाण्याचे पितळी गुंड भरून आणून झाले होते. रात्रीचा भात फडक्यात बांधला, वर कांदा ठेवला. टोपल्या भिंतीवर आपटून त्यांना चिकटलेला पाला काढला. मग गोठ्यातून शेळीचं कण्हणं ऐकू आलं. पहिलटकरीण होती आणि नेमकी मोहफुलं वेचायच्या दिवसांत व्यायला आली होती. हे म्हणाले, "तू थांब तिच्यापाशी, मी होतो पुढे. पिल्लू झालं की त्यालाही घेऊन ये वेचायला, तेवढेच दोन हात वाढतील." मी म्हटलं, पिल्लाला हात कुठे असतात? "मग चार पाय वाढतील," म्हणाले, आणि टोपल्या उचलून निघाले. मी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

ताई, नमस्कारानंतर खुशाली लिहायची असते हे मला कळतं. पण सकाळपासून कागद पुढे घेतला की हेच लिहून होतंय, म्हणून राहू दिलं. पुढचं आत्ता लिहीत नाही. आधी इकडचं सांगते.

माझ्या दादाचं बरं आहे. डेअरीतली नोकरी चालू आहे, गुडघे कुरकुरतात. वहिनीचं बिबवेवाडीतलं पार्लर चांगलं चाललंय. तिचा डबा घेऊन मी रोज दुपारी जाते आणि येताना तिथल्या वाचनालयात पुस्तक बदलते. शाळा माझी सातवीत सुटली हे तुम्हाला माहीत आहे, पुढचं सगळं त्या वाचनालयानं शिकवलं. दादाचा तेजस हिंजवडीला नोकरीला लागला. तिकडेच मित्रांबरोबर राहतो, शनिवारी येतो आणि आठवड्याचे कपडे धुवायला आणतो. मी धुते. घर माझ्याच हातावर चालतं. सगळे चांगलं वागतात. हे मी कागद भरायला लिहीत नाही, खरंच चांगलं वागतात.

तुमची भाची, आपली अपेक्षा, बारावी झाली. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती पाच वर्षांची होती, तुमचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. आता माझ्यापेक्षा उंच आहे. चालते मात्र यांच्यासारखी, एक खांदा जरा पुढे काढून. बाहेर निघाली की मी दारापर्यंत जाते, पण तिला पाठमोरी बघत नाही.

तिला जी पदवी घ्यायची आहे तिचं नाव लांबलचक आहे, नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन. जंगल, माती, पाणी, गुरांची चराई, सगळं त्यात येतं. दादा म्हणाला, "नाव लिहायलाच चार वर्षं जातील, शिकणार कधी?" वहिनी म्हणाली, झाडंच लावायची असतील तर आपल्या सोसायटीत लाव, बिल्डरनं सगळी तोडलीच आहेत. पुण्यात असंच बोलतात, ताई. मनात काही नसतं. निदान रोज नसतं.

कॉलेजं तीन होती. एक इथलं, पुण्यातलं, कात्रजहून एका बसनं जाता येतं. एक कोकणात. आणि तिसरं आपल्या तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागे नवं निघालंय ते. तुम्ही येता-जाता पाहत असाल. ऑनलाइन यादीत आवडीच्या क्रमानं नावं भरायची असतात आणि मार्कांप्रमाणे जागा मिळते. अपेक्षानं आपल्याकडचं कॉलेज पहिलं टाकलं होतं.

त्याचं कारण सांगते, म्हणजे तुम्हाला पोरीचं डोकं कळेल. मी वाचलेल्यातलं काही आवडलं की कात्रण कापून डब्यात ठेवते. त्यातलं एक मोहाच्या जाळीचं होतं. झाडाखाली जाळी बांधायची, फुलं जाळीत पडतात. मग फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळावा लागत नाही, वणवा लागत नाही, आणि माणसाला अंधारात वाकून फिरावं लागत नाही. अपेक्षानं ते कात्रण नववीत वाचलं. त्या कॉलेजातली मुलं गावोगाव जाऊन अशा जाळ्या बांधतात, हे तिनंच कुठून तरी शोधून काढलं. मला म्हणाली, आई, इथं वर्गात जंगल शिकवतील, तिकडं जंगलात वर्ग असेल.

दादाला ते पटलं नाही. तो म्हणाला, "कात्रजला डोंगर आहे, तळं आहे, साप आहेत, वाघसुद्धा आहे. अजून काय संवर्धन करायचंय तुला?" सगळे हसले. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं उगाच प्यायला पाणी मागितलं.

वाघाचं लिहायचं नव्हतं, पण आलंच आहे तर लिहिते. दादा आम्हाला घेऊन आला तेव्हा डेअरीच्या जवळ म्हणून ही जागा घेतलेली होती. प्राणिसंग्रहालय इथून हाकेच्या अंतरावर आहे हे त्यानं सांगितलं होतं, पण पोरीला बघायला मजा येईल अशा अर्थानं. पहिल्याच पहाटे मी ओट्यापाशी दूध तापवत होते आणि तिकडून तो आवाज आला. ज्या जनावरानं माझं घर मोडलं त्याच्याच जातीचं एक जनावर, भिंतीपलीकडे. मी खिडकी लावून घेतली. तेव्हापासून ओट्यावरची ती खिडकी सकाळी बंदच असते. दूध, भात, डाळ, सगळ्याची वाफ आतल्या आत कोंडते. वहिनी आधी म्हणायची की जीव गुदमरतो. आता म्हणत नाही, पंखा लावून घेते.

मी वाघावर राग धरून नाही. तुम्हाला खोटं वाटेल. खिडकी लावून मी त्याच्यावरचीच पुस्तकं वाचत आले. वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं, असं एका पुस्तकात होतं. ते वाचलं त्या दिवशी पुस्तक मिटून मी बराच वेळ तांदूळ निवडत बसले. पण या जागेत राहणं आणि पुस्तकात वाचणं वेगळं. पुस्तक मिटता येतं. दादाला मी कधी म्हटलं नाही की दुसरीकडे जागा बघ. आसरा मिळाल्यावर खिडकी कुठल्या बाजूला उघडते हे विचारत नाहीत.

तर कॉलेजचं. गेल्या आठवड्यात दादाच्या आग्रहानं पुण्यातलं कॉलेज बघायला गेलो, मी आणि अपेक्षा. मोठं आवार आहे, स्वच्छ आहे. एक मॅडम होत्या, फार आपुलकीनं बोलल्या, प्रयोगशाळा दाखवली, निरनिराळ्या मातीच्या बरण्या दाखवल्या. मग बागेत नेलं. तिथे प्रत्येक झाडाला पाटी. आणि एका कोपऱ्यात मोह. भोवती गोल कट्टा, खाली फरशी. गाव सोडल्यापासून मी मोहाचं झाड पाहिलं नव्हतं. मॅडम काहीतरी सांगत होत्या. मी झाडाखाली गेले, वर बघितलं, आणि मग मला नकळत मी मागे वळून बघितलं. एकदा, पुन्हा एकदा. मागे सायकलींचं स्टँड होतं, दुसरं काही नव्हतं. अपेक्षा माझ्याकडे बघत होती.

घरी येऊन तिनं यादीतून आपल्याकडचं कॉलेज काढून टाकलं आणि पुण्यातलं पहिलं टाकलं. दादा खूश झाला, श्रीखंड घेऊन आला. वहिनी म्हणाली, बरं झालं, तुझ्या आईलाही सोबत. मी वाट्या भरल्या.

आता जे लिहिते ते इथे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. मला बरं वाटलं, ताई. पहिल्यांदा बरंच वाटलं. वाटलं, सुटले. या घरात भांडी माझ्या हातची आहेत, डबे माझ्या हातचे आहेत, पण माझं म्हणावं असं एकच आहे, ती पोर. ती गेली की मी इथे कोण, हे मी स्वतःला कधी विचारलेलं नाही. दादाची बहीण, हो. पण दादाची बहीण म्हणून दिवसभर काय करायचं? डबा न्यायचा, पुस्तक बदलायचं, कपडे वाळत घालायचे, खिडकी लावायची. आणि निघून जाते म्हणायलाही तोंड नाही, कारण कुणी छळलेलं नाही. छळलं असतं तर निघता आलं असतं. गावी यावं तर गावी तुम्ही आहात.

दोन-तीन दिवस मी त्या बरं वाटण्यातच होते. मग सोमवारी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर अपेक्षा तिथे कठड्याला टेकून मोबाइलवर काहीतरी बघत होती. एक बाई उभ्याउभ्या जाळीतून मोहफुलं गोळा करत होती, त्याचा व्हिडिओ. मी आल्यावर तिनं तो बंद केला, आणि माझ्या हातातले कपडे घेऊन घड्या घालायला लागली. रडत वगैरे नव्हती. नीट घड्या घालत होती. एवढ्या नीट तिनं कधी घातल्या नाहीत.

मी तिला विचारलं, तिकडचं कॉलेज का काढलंस?

तिनं जे उत्तर दिलं ते समजायला आधी एक सांगावं लागेल. तुम्हाला नवं नाही, पण इकडे वहिनीला मला ते समजावून सांगावं लागलं होतं. मोहं वेचताना प्रत्येकाचं झाड वेगळं, आणि वेचणाऱ्याचं लक्ष खाली. म्हणून अधूनमधून एकानं हाक द्यायची आणि दुसऱ्यानं 'हो' म्हणायचं. बोलायचं काही नसतं. 'हो' म्हणजे मी आहे. तुम्हीच मला शिकवलंत ते, लग्नानंतरच्या पहिल्या मोसमात. म्हणाला होतात, हाक चुकली तर चालते वं, 'हो' नाही चुकलं पाहिजे.

ते मी इथे घेऊन आले. अपेक्षा लहान असताना दोन खोल्यांच्या घरात मी ओट्यापासून हाक द्यायची आणि तिनं आतून 'हो' म्हणायचं. वहिनी म्हणायची, इथे कुठे हरवणार आहे ती, पलंगाखाली? पुढे शाळा, क्लास. मग मोबाइल आला. बसमध्ये बसली की 'हो'. उतरली की 'हो'. वर्गात शिरताना 'हो'. तिच्या मैत्रिणी हसतात, म्हणतात, हिच्या आईला सगळंच कबूल. ते आलं नाही तर माझा हात थांबतो. एकदा तिचा मोबाइल बंद पडला, तर मी गॅसवर रिकामा तवा तापवत उभी होते, वहिनीनं येऊन बंद केला.

गच्चीवर घड्या घालता घालता अपेक्षा म्हणाली, "तिकडे रानात रेंज नसते, आई. माझं 'हो' आलं नाही तर तू काय करशील?"

मी कपड्यांचा ढीग उचलून खाली आले. मग दिवसभर काम करता करता तेच. मी इतकी वर्षं समजत होते की मी या घरात अडकले आहे. तिला मी कशात बांधून ठेवलंय हे मी पाहिलंच नव्हतं. एका अक्षरात पोर बांधली होती मी. आणि तिनं ते कधी बोलूनही दाखवलं नाही. तीही चांगलं वागते.

मंगळवारी मी तिला म्हटलं, उद्या आपण वाघ बघायला जाऊ. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, इतकी वर्षं शेजारी राहतोय, एकदा जायला हवं. खरं म्हणजे मला तिला दाखवायचं होतं की मी उभी राहू शकते.

तर काल गेलो. मी इस्त्रीची साडी नेसले होते, जशी काही कुणाच्या घरी चालले. फाटकाशी गेलो तर तिकिटाची खिडकी बंद. तिथला पहारेकरी म्हणाला, "आज बुधवार आहे, मावशी. बुधवारी बंद असतं. पाटी वाचता येते ना?" मी म्हटलं, येते, बघितली नव्हती. "बघा मग. प्राण्यांना आठवड्यातून एक सुट्टी असते. माणसांनी उद्या यायचं." अपेक्षाला हसू आवरेना. म्हणाली, आई, तुझ्यापेक्षा वाघाची नोकरी बरी. मलाही हसू आलं. तेरा वर्षं त्या भिंतीला घाबरले आणि ती बुधवारी बंद असते एवढंही मला माहीत नव्हतं.

परत फिरायला जीव होईना. बाहेर एक बाई शेंगा विकत होती, तिच्याकडून उकडलेल्या शेंगा घेतल्या आणि समोरच्या कट्ट्यावर बसलो. आतून एकदाही आवाज आला नाही. गाड्यांचाच काय तो.

तिथे मी तिला ती सकाळ सांगितली. तिला वाघानं एवढं माहीत होतं, सकाळ माहीत नव्हती. चूल, भात, टोपल्या, शेळी. पिल्लाला चार पाय असतात ते. ते ऐकून ती हसली आणि म्हणाली, बाबा असे बोलायचे? मी म्हटलं, रोज. मग सांगितलं की शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही पाठी, म्हणजे माद्याच. हे ऐकून त्यांना किती आनंद होईल असं मनात घोळवत मी हात धुतले, भाताचं गाठोडं घेतलं आणि निघाले. नाल्यापाशी पोचल्यावर रीतीप्रमाणे हाक दिली. पलीकडून बायकांचे 'हो' आले. एक, दोन, सगळ्यांचे आले. त्यांचं आलं नाही. मी पुन्हा हाक दिली. मला वाटलं, दूर गेले असतील. तिसऱ्या हाकेला बायकाही गप्प झाल्या. मग कुणीतरी मला धरलं आणि पुढे जाऊ दिलं नाही.

एवढंच सांगितलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे आणि तिला माहीत असायची गरज नाही.

ती शेंगांची टरफलं माझ्या मांडीवर एका कागदात गोळा करत होती. मी तिला म्हटलं, तू परवा विचारलंस, 'हो' आलं नाही तर काय करशील. एकदा आलं नव्हतं. बघ, मी आहे.

तर ती म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी तू काय केलंस?"

ताई, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. दादानं नाही, वहिनीनं नाही. तुम्ही विचारलं नाहीत कारण तुम्ही स्वतः पाहिलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, लपवलं नाही. ती मग माझ्या मांडीवरचा टरफलांचा कागद उचलून डब्यात टाकून आली आणि म्हणाली, चल घरी, उद्या यादी बंद होते.

घरी येऊन तिनं आपल्याकडचं कॉलेज पुन्हा यादीत घातलं, पहिलं. मी तिला एकच अट घातली. तिकडे गेल्यावर 'हो' पाठवायचं नाही. रेंज असली तरी नाही. म्हणायचंच असेल तर तिथे जो हाक देईल त्याला म्हणायचं. ती म्हणाली, आणि तू? मी म्हटलं, मला आठवड्यातून एकदा कागदावर लिही, वाचायला लागतंच मला काहीतरी.

दादा जेवताना म्हणाला, "आम्ही काय कमी केलं होतं?" मी म्हटलं, काहीच नाही. हेच खरं उत्तर होतं आणि ते त्याला लागलं. आज तो नेहमीपेक्षा लवकर कामावर गेला. वहिनी म्हणाली, राहील दोन दिवस फुगून, तू नको मनावर घेऊ. मग हळूच म्हणाली, "तू तर नाही ना जाणार?" मी नाही म्हटलं. मी कुठे जाणार? माझं इथलं आहे तसं राहील. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आज सकाळी खिडकीही लावलीच मी. सवय एका बुधवारात जात नाही.

आता विचारायचं ते विचारते. हे फोनवर विचारता आलं असतं, पण तुम्ही "बोल" म्हणाला असता आणि माझ्याकडून बोलणं झालं नसतं. मार्कांच्या मानानं अपेक्षाला जागा मिळेल असं तिच्या सरांचं म्हणणं आहे. राहायची सोय वसतिगृहात आहे, त्याची काळजी नाही. रविवारी तिला घरी येऊ द्याल का? घर तिच्या बापाचं आहे असं मी म्हणत नाही, आता ते तुमचं आहे, तुम्ही सांभाळलंत. नाल्याच्या वरची आपली दोन मोहाची झाडं तिला दाखवा. ती मोठी झाली असतील. एकटी पाठवू नका. आणि रानात असताना तिला हाक देत जा. तुमचा आवाज खणखणीत आहे, माधव म्हणून हाक मारायचात तर हे चावडीपासून 'हो' म्हणायचे.

तुम्ही तेव्हा मला जे बोललात ते मी तिला सांगितलेलं नाही. काय केलं ते सांगितलं, तुम्ही काय म्हणालात ते नाही. ते वाक्य तुमचं आहे. तिला सांगायचं की नाही तुम्ही ठरवा.

पण मी त्याचं उत्तर तुम्हाला तेव्हा दिलं नव्हतं. तुम्ही अंगणाच्या तोंडाशी उभ्या होतात. घरात सुतक, चूल थंड, आत सासूबाईंचं रडणं चालू. माझे मोहांनी भरलेले हात बघून तुम्ही म्हणालात, "माणूस गेला, आन् हिले मोहं सुचून रायले." त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत आणि दादा न्यायला आला तेव्हा तुम्ही दाराबाहेर आला नाहीत. मी तुम्हाला दोष देत नाही. पाहणाऱ्याला तसंच दिसलं असणार.

त्यांची मोहांची टोपली कुणीतरी आदल्या संध्याकाळी आणून ओसरीवर ठेवली होती. वाटेच्या कडेला सापडली म्हणे, मी येऊन उचलावी म्हणून त्यांनी भरून ठेवलेली. काठोकाठ होती. सकाळी तिला आंबूस वास यायला लागला होता. मोहं टोपलीत तशीच राहिली की आंबतात, तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या हातानं शेवटचं केलेलं काम होतं ते, एकेक फूल वाकून उचललेलं. ते माझ्यादेखत नासू द्यायचं नव्हतं. याच्यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं, ताई. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, अंगण झाडलं, शेळीला पाणी दाखवलं, आणि त्यांनी वेचलेली मोहं जुन्या लुगड्यावर पसरून उन्हात वाळत घातली.

तुमच्या माधवची,
कुंदा